आयर्लंडमधली दिवेलागण

आयर्लंडच्या टीव्हीवर रोज संध्याकाळी सहाला घंटा वाजते. चर्चची घंटा. बातम्यांच्या आधी मिनिटभर दुसरं काही नाही, नुसती घंटा, आणि पडद्यावर कुणीतरी माणूस हातातलं काम सोडून कुठेतरी बघत थांबलेला. मी नागपूरचा, राहतो सांता क्लाराला, आयर्लंडमध्ये जन्मात पाऊल टाकलेलं नाही. पण त्या घंटेचे ठोके कधी थांबतात न् कधी पुन्हा सुरू होतात, हे मला आजही झोपेतून उठवून विचारा.

ही सगळी नोकरीची कृपा. टीव्हीवर बोलणं चालू असताना खाली जी अक्षरांची पट्टी येते, तिचं सॉफ्टवेअर आमची कंपनी करते. तिकडच्या एका वाहिनीने आपलं एक अख्खं वर्ष आमच्याकडे पाठवलं होतं. एक जानेवारीपासून एकतीस डिसेंबरपर्यंत जे जे दाखवलं ते सगळं. बातम्या, हवामान, गुरांचे बाजार, मार्चमधली त्यांच्या सणाची हिरवी मिरवणूक, नांगरणीची स्पर्धा, नाताळच्या आधी खेळण्यांचा एक कार्यक्रम, तो तर संपता संपत नाही. या गठ्ठ्याला मीटिंगमध्ये सगळे 'इतिहास' म्हणायचे. डोंबलाचा इतिहास! दोन वर्षांपूर्वीचं तर वर्ष ते. पण तिकडच्या लोकांना ते नीट लावून ठेवायचं होतं, कुठलाही शब्द शोधला की सापडेल असं.

इंग्रजी कार्यक्रम मशीन करायचं. घोडं अडलं ते त्यांच्या स्वतःच्या भाषेपाशी. आयरिश भाषा आली की मशीन जे काही लिहायचं, ते वाचून हसावं की रडावं कळत नसे. म्हणून त्या भागांवर आम्ही दोघं बसायचो. तिकडे पश्चिम किनाऱ्यावरच्या कुठल्याशा गावात एक बाई होती, ती शब्द आणि त्यांचे अर्थ लिहायची. मी फक्त बोलणं कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं याच्या खुणा करायचो. मला अर्थ कळायची गरजच नव्हती. मुकाट्याने ऐकायचं आणि बटण दाबायचं.

हे काम मी घरून, हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर करायचो, कारण आई माझ्याकडे आली होती आणि तिला एकटं सोडणं शक्य नव्हतं. तिचं विसरणं आता किल्ल्या-चष्म्याच्या पुढे गेलं होतं. बाबा आधीच गेलेले, मी एकुलता एक. नागपूरच्या शेजाऱ्यांनी होतं तेवढं केलं, शेवटी त्यांनीही हात टेकले, मग मी जाऊन तिला घेऊन आलो. आली ती व्हिजिटर व्हिसावर. मुदत एकदा वाढवून घेतली. आता परत वाढणार नाही, असं वकिलाने स्वच्छ सांगितलं होतं. पुण्यात माझ्या सासू-सासऱ्यांच्या घराजवळ अशा माणसांना सांभाळणारं एक केंद्र आहे, तिथे तिची सोय झाली होती. सोय! काय गुळगुळीत शब्द आहे. मी नोकरी सोडून गेलो तर परत येता येणार नाही, इथे बायकोची नोकरी, मुलीची शाळा. सगळं किती वेळा बोलून झालं होतं. बोलून काही बदलत नव्हतं.

आईने मला ओळखलं नव्हतं. एअरपोर्टवर नाही, विमानात नाही, इथे आल्यावर नाही. ती माझ्याशी भांडायची नाही, घाबरायची नाही. हात धरला तर धरू द्यायची. पण मला हाक मारत नव्हती. आधी तिचा प्रत्येक फोन एकाच वाक्याने संपायचा, "वेळेवर जेवजो." माझी बायको पुण्याची, तिला या 'जेवजो'चं भारी हसू यायचं. तिला मी एकदा समजावून सांगितलं होतं की आमच्या विदर्भात घरच्या माणसाला 'जेवजो' आणि पाहुण्याला 'जेवजा'. एका काना-मात्रेत सगळं नातं आलं. तेव्हा हा मला विनोद वाटला होता. आता मला फक्त तेवढं एक हवं होतं. पुण्याच्या विमानात बसायच्या आधी तिने एकदा माझ्याकडे बघून 'जेवजो' म्हणावं. बाकी मग कुठेही ठेवा तिला, मलाही ठेवा, असं वाटायचं.

आणि मग ही घंटा.

पहिल्यांदा वाजली तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. बाल्कनीत ऊन, खाली माळी ब्लोअर घेऊन पानं उडवतोय. लॅपटॉपवर आयर्लंडमधली कुठलीशी संध्याकाळ चालू. घंटा सुरू झाली आणि रिक्लाइनरमध्ये बसलेली आई उठली. पदर सावरला, हात जोडले, आणि स्पष्ट म्हणाली, "दिवेलागण झाली. पोट्टा आला नाही अजून." किती दिवसांनी तिच्या तोंडून पूर्ण वाक्य ऐकलं! पोट्टा म्हणजे मीच. आमच्याकडे पोराला पोट्टा म्हणतात. मी उठून तिच्यासमोर गेलो, म्हटलं आई, आलो ना, हा काय इथेच आहे. ती माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिली. मी मध्ये येतोय म्हणून थोडी बाजूलाही झाली.

मला दिवसाला तीन-तीन दिवसांचं रेकॉर्डिंग उरकायचं असे. म्हणजे एका सकाळी तीन संध्याकाळी. तीनदा आई उठायची, हात जोडायची, देवापुढचा बॅटरीचा दिवा लावायला सांगायची, आणि दाराशी जाऊन पोट्ट्याची वाट बघत उभी राहायची. शेजारची तेलुगू मावशी एकदा दार उघडं बघून आत डोकावली, कोण यायचंय विचारलं. काय सांगणार, कपाळ? म्हटलं, मीच यायचोय. तिला वाटलं माझं हिंदी कच्चं आहे.

घंटा वगळून पुढे जाता आलं असतं. बायको रोज तेच म्हणायची, ती त्या आवाजाने अस्वस्थ होते, तू का ऐकवतोस? मी ऐकवायचो. कारण त्या एका मिनिटात आई बोलायची. दिवसभर भिंतीसारखी बसलेली बाई त्या मिनिटात माझी आई असायची. मी समोर नसलो तरी मी तिच्या मनात होतो ना! बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझी काडी आयर्लंडहून येत होती.

आणखी एक त्रास होता, तो मी कुणाला बोललो नाही. पडद्यावरचं ते वर्ष म्हणजे आई बरी असलेलं शेवटचं वर्ष. मार्चची मिरवणूक बघताना मला आठवायचं, याच सुमाराला तिने कूलरचा वाळा महाग झाला म्हणून मला फोनवर अर्धा तास ऐकवलं होतं. जूनमध्ये तिकडची हवामानवाली बाई पाऊस सांगत असताना आई नागपुरात लोणच्याच्या कैऱ्या फोडून घेत होती. आणि सप्टेंबरात, त्यांच्या नांगरणीच्या स्पर्धेच्या आठवड्यात, ती भाजी घेऊन घरी यायचा रस्ता विसरली होती. सगळ्याची सुरुवात तिथून झाली. तो आठवडा मी बाजूला ठेवला. ऑगस्ट केला, ऑक्टोबर केला, तो केलाच नाही. मॅनेजरने विचारलं तेव्हा दात-ओठ खात लावला. ट्रॅक्टर, चिखल, रबरी बूट घातलेली माणसं, आइस्क्रीमची गाडी. सगळे इतके मजेत होते की मला त्यांचा राग राग आला. अरे, माझ्या आईला कुणीतरी घरी पोचवा ना यार, तुम्ही नांगर कसले बघताय? असं मी चक्क लॅपटॉपला म्हणालो. मुलीने हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लावला.

त्यांच्या भाषेत एक मालिका होती. समुद्रकाठचं गाव, त्यात एक किराणा दुकान, दुकानात गल्ल्यावर एक म्हातारी. गावात कुणी नवखं उगवलं, दुकानाची पायरी चढलं, की म्हातारी चष्म्यावरून त्याला बघायची आणि शेजारणीला म्हणायची, "काय हे?" तिचा उच्चार 'के' आणि 'काय' यांच्या मधला कुठला तरी होता. पण माझ्या आईला तो शंभर टक्के 'काय हे' ऐकू आला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती चमकली, नीट वळून बसली आणि पडद्यावरच्या म्हातारीला म्हणाली, "तर काय! काय हे!" मग मला, म्हणजे समोर बसलेल्या कुणातरी माणसाला, तिने सांगितलं की ही आपली माणसं आहेत, कोकणातली दिसतात.

मला हसू आवरेना. हिरव्या डोंगरावर, पावसात, लोकरीचे स्वेटर घातलेली माणसं, आणि आईने त्यांना कोकणात नेऊन बसवलं. पण मागून विचार केला तर चूक तरी कुठे होती? समुद्र होता, पाऊस होता, कौलारू नाहीत तरी बसकी घरं होती, आणि म्हातारी सगळ्यांना नावं ठेवत बसलेली होती. आईसुद्धा जन्मभर हेच म्हणत आली. मी शर्ट बाहेर काढून निघालो, काय हे. ताटात भात टाकला, काय हे. दहावीला गणितात मार्क कमी पडले, तेव्हाही शिव्या नाहीत की मार नाही, मार्कलिस्ट हातात धरून नुसतं "काय हे?" त्या दोन शब्दांनी मी जेवढा रडलो तेवढा वडिलांच्या माराने नसेन रडलो.

तेव्हापासून मी ती मालिका कामाच्या आधी, कामाच्या नंतर, पुन्हा पुन्हा लावू लागलो. म्हातारी "काय हे" म्हणाली की आई दाद द्यायची. कधी नुसती मान, कधी एखादा शब्द. एकदा म्हणाली, "सांगून उपयोग नाही, ऐकतात का?" मला वाटलं, रस्ता सापडला. आज पडद्यातल्या माणसाला बोलतेय, उद्या मला बोलेल. बायको म्हणाली, फार आशा ठेवू नको. मी तिच्यावर ओरडलो. आशा नको ठेवू तर काय ठेवू, सांग, असं म्हणालो. ती आईची औषधं डबीत भरत राहिली.

आणि एका शनिवारी ते झालं. मी दाढी केली नव्हती, बनियनवर होतो, किचनमध्ये उभ्या उभ्या पातेल्यातूनच पोहे खात होतो. आई आत आली. बायको ओट्याशी होती, मुलगी स्टूलवर बसून दूध-कॉर्नफ्लेक्स खात होती. आईने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "काय हे?"

मी चमचा पातेल्यात ठेवला. तोच सूर, तीच कपाळावरची आठी! पातेल्यातून खाणं तिला कधीच खपलं नाही. मी म्हटलं, हो आई, चुकलो, ताटलीत घेतो, आणि खरंच ताटलीत घेतले, आणि टेबलाशी खुर्चीत मांडी घालून खाल्ले. रडत रडत खाल्ले. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं झालं होतं मला. 'जेवजो' मागितलं होतं, तिने तर अख्ख्या मला पकडून रागावलं होतं. त्या दिवशी मी दुकानातून श्रीखंड आणलं. बायको हसली, पण तिचं हसू अर्धंच होतं, हे मला दिसत होतं आणि मी ते बघायचं नाही असं ठरवलं होतं.

सोमवारी कामाच्या कॉलवर मी ते आयरिश बाईला सांगितलं. एरवी आम्ही कामापुरतं बोलायचो, पण मला कुणाला तरी सांगायचंच होतं. तुमच्या मालिकेतली म्हातारी आमची भाषा बोलते, म्हटलं, आणि तिच्यामुळे माझ्या आईने मला ओळखलं. कुठला शब्द, तिने विचारलं. मी तो भाग लावून दाखवला. ती आधी हसली. मग हसायची थांबली. मग तिने विचारलं की तुझ्या आईने तो शब्द नेमका कसा म्हटला, कुणाकडे बघून म्हटला.

"का?" मी विचारलं.

"आमच्याकडे त्याचा अर्थ होतो, हा कोण?"

मी म्हटलं, माझ्या आईला तुमची भाषा येत नाही. ती मराठी बोलते. मराठीत त्याचा अर्थ 'व्हॉट इज धिस', आणि आई ते रागावताना म्हणते. हो हो, अर्थातच, ती घाईघाईने म्हणाली, सॉरी, मी उगीच बोलले. हॉस्पिटलमधल्या नर्स नातेवाइकांशी ज्या आवाजात बोलतात ना, त्या आवाजात म्हणाली. मी कॉल बंद केला. तिचा काही दोष नव्हता, पण त्या क्षणी ती समोर असती तर मी तिला काय बोललो असतो, देव जाणे.

संध्याकाळी मुलगी शाळेतून आली तर मी तिलाच धरलं. शनिवारी आजीने मला कसं रागावलं, आठवतं ना? तिने बूट काढता काढता सांगितलं, "शी वॉज आस्किंग मॉम, बाबा. नॉट यू." आणि खोलीत निघून गेली. मग मलाही आठवलं. बोट माझ्याकडे होतं, तोंड बायकोकडे होतं. मला ते तेव्हाही दिसलं होतं. मी बायकोला विचारलं, तुला ठाऊक होतं? ती म्हणाली, तू पोहे खात होतास रे, इतका रडत होतास, मी काय बोलणार होते? मी बाल्कनीत गेलो आणि रेलिंगवर डोकं टेकून उभा राहिलो. आत मालिका चालूच होती, आई कुणाला तरी दाद देत होती.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, मला सांगता यायचं नाही. काम मात्र उरकत होतं. पडद्यावर डिसेंबर लागला. खेळण्यांचा कार्यक्रम झाला, नाताळ झाला. या वर्षाच्या शेवटापर्यंत पोचायला नको असं वाटायचं, आणि बोटं सवयीने बटण दाबत राहायची. पडद्यावरच्या डिसेंबरात आई मला फोनवर एकच गोष्ट दोनदा सांगत होती, आणि मी "आत्ताच सांगितलंस की" म्हणून हसत होतो. एवढंच. तो भाजीचा रस्ता आणि हे, तोवर एवढंच झालं होतं.

पडद्यावरचा शेवटचा दिवस, एकतीस डिसेंबर, उरला होता तो नेमका विमानाच्या दिवशी. विमान संध्याकाळचं. बायको आईची बॅग भरत होती, मीही तिकीट काढलं होतं, तिला पुण्याला पोचवून परत येणार होतो. दुपारी मी म्हटलं, एवढं उरकून टाकतो. खोटं कशाला बोला, मला उरकायचं नव्हतं. मला घंटा ऐकायची होती. तिला ऐकवायची होती.

घंटा झाली. आई उठली, हात जोडले. "दिवेलागण झाली," ती म्हणाली. मी देवापुढचा दिवा लावला. मग तिला खुर्चीत बसवून तिच्या पायात बूट घालायला खाली बसलो. साडीखाली स्नीकर्स, इथे आल्यापासून तिला तेच बरे पडायचे. मी लेस बांधत होतो आणि ती वरून माझ्याकडे बघत होती. बराच वेळ, अगदी नीट बघत होती.

"काय हे?" ती म्हणाली.

या वेळी हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतं, तिने मलाच विचारलं होतं. मी वर बघितलं. रागावली असेल तर रागावू दे, म्हटलं, आणि विचारत असेल तर सांगून टाकू. म्हटलं, "मी आहे, आई. तुझा मुलगा. नागपूरचा. तुझा पोट्टा."

तिने ऐकून घेतलं. मान हलवली, चांगल्या घरची बाई परक्याचं बोलणं ऐकून घेताना हलवते तशी. मग तिच्या लक्षात आलं असावं की दारी आलेल्या माणसाला आपण खालीच बसवून ठेवलंय. ती लगबगीने उठायला लागली, एका पायातला बूट तसाच सुटा, आणि माझ्या दंडाला धरून मला उठवत म्हणाली, "वर बसा ना. पोट्टा येईलच आता. तुम्ही जेवूनच जाजा."

बायको खोलीच्या दारात बॅग घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं. आता तिला जाजो-जाजातला फरक कुणी सांगायची गरज नव्हती. तिने बॅग खाली ठेवली, टेबलावर ताट घेतलं, वरण गरम केलं.

मी जेवायला बसलो. घड्याळात अडीच वाजले होते आणि आमच्या घरात संध्याकाळ होती. आईने बायकोच्या हातातून डाव घेतला आणि स्वतः वाढायला लागली. संकोच करू नका म्हणाली, आपलंच घर समजा म्हणाली. मी पुरे म्हणत होतो, ती भात वाढत होती, आणि दर वेळी वाढून झालं की माझ्या डोक्यावरून दाराकडे बघत होती.